पाऊस विठोबाकडे, भाव कुणाकडे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'धर्म आणि राजसत्ता' असा विषय छापलेला पाहून मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला गाठले. म्हणाले, कापसाच्या खरेदीचे काय ते बोला, देवाधर्माचा विषय कशाला उकरून काढता? घरात निम्मी पऱ्हाटी वेचायची राहिली आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे, आणि तुम्ही आम्हाला प्रवचन सांगणार.

शंका रास्त आहे. म्हणून विषय कसा निघाला ते आधी सांगतो.

आमच्या शेजारच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. मांडव मोठा, कीर्तनकार नामांकित. मांडवाचा आणि काल्याच्या पंगतीचा खर्च एका पुढाऱ्याने उचलला होता. काल्याच्या दिवशी ते स्वतः आले. टाळ गळ्यात घातला, दोन पावले खेळले, महाराजांनी त्यांना नारळ दिला, आणि साहेबांच्या हातून धर्माचे कार्य घडते आहे असे चार शब्द बोलले. आता त्याच गावातल्या वीसेक जणांचा कापूस एका व्यापाऱ्याने उधारीवर नेलेला होता. तीन महिने पैसे नाहीत. हे पुढारी बाजार समितीत वजन असलेले. म्हणून पाचसहा जण वजनाच्या पावत्या खिशात घालून मांडवाच्या कडेला उभे राहिले, साहेब उतरले की विचारू म्हणून. पुढे सरकले तशी स्वयंसेवकांनी त्यांना अडवले. अगदी हात जोडून अडवले. म्हणाले, "माउली, इथं राजकारण नको."

पुढाऱ्याने मांडव दिला, नारळ घेतला, कीर्तनात नाव वदवून घेतले, ते राजकारण नाही. आपल्या कापसाचे पैसे विचारणे हे राजकारण. माझा आजचा सगळा विषय त्या 'माउली, राजकारण नको' मध्ये आहे.

मी देव न मानणाऱ्यांची बाजू घेऊन उभा नाही. माझी आई चाळीस वर्षे वारीला गेली. मृगाची पेरणी अंगावर असायची, बाप चिडायचा, तरी ती जायची. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी आपल्याच रानावनातून पंढरपूरला जाते. तिच्या वाटेवर भाकरी घेऊन उभी राहणारी माणसे कोण, तर ज्यांच्या घरी स्वतःच्या भाकरीचा भरवसा नाही ती. त्या भाकरीला मी नावे ठेवणार नाही. माझे भांडण आहे ते त्या भाकरीच्या पुण्यावर आपले दुकान मांडणाऱ्या सत्तेशी. सत्ता म्हणजे अमुक पक्ष नव्हे. गेल्या पन्नास वर्षांत जो जो मुंबईच्या खुर्चीवर बसला, तो तो या मांडवात आला आहे.

पंढरपूरचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या सर्वांच्या घरचे आहे.

आषाढी एकादशीला पहाटे अडीचच्या सुमाराला विठ्ठलाची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक करतात. त्यांच्या बरोबर दर्शनरांगेत त्या घडीला पुढे उभे असलेले एक जोडपे घेतात, 'मानाचे वारकरी'. बहुतेक वर्षी ते शेतकरीच असतात. पंधरा-वीस तास रांगेत उभी राहिलेली ती माणसे. त्यांना एकाएकी आत नेतात, मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसवतात, फोटो निघतो, सत्कार होतो, एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचे नाव, गाव, किती वर्षे वारी करतात, सगळे छापून येते. किती एकर कोरडवाहू आहे, सोसायटीचे किती देणे आहे, हे छापून आलेले मी तरी वाचले नाही.

बरे, ही पूजा नेमकी कुणाची? वारकऱ्यांची म्हणाल, तर २०२० साल आठवा. करोनामुळे वारी बंद. पालख्या चालत निघाल्या नाहीत, पादुका एसटीच्या गाडीत बसवून नेल्या. पंढरपुरात बाहेरच्या माणसाला येऊ देत नव्हते. रांग नाही, म्हणून मानाचा वारकरीसुद्धा मंदिरात वीणेचा पहारा देणाऱ्यांतून निवडला. वारकऱ्यांवाचून आषाढी झाली. पण मुख्यमंत्र्यांची महापूजा चुकली नाही.

२०१८ साली उलटे झाले. मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी बजावले, की पूजेला येऊ देणार नाही. मुख्यमंत्री गेले नाहीत, मुंबईत सरकारी बंगल्यावर त्यांनी विठ्ठलाची पूजा केली. आंदोलकांना कळले होते, की या माणसाला विधानसभेत अडवण्यापेक्षा विठोबाच्या दारात अडवले तर जास्त लागते.

कार्तिकीची पूजा उपमुख्यमंत्र्यांकडे असते. २०२३ साली राज्याला दोन उपमुख्यमंत्री होते. मग पूजेला कोणता बोलवायचा? मंदिर समितीने विधी व न्याय खात्याला विचारायचे ठरवले. भावांनो, हसू नका. पूजा कुणी करावी हे शास्त्री-पंडितांना विचारले नाही, फडकऱ्यांना विचारले नाही, विचारले ते मंत्रालयातल्या खात्याला. आणि २०२४ ची कार्तिकी विधानसभेच्या निवडणुकीत आली. आचारसंहिता लागलेली. म्हणून पूजा विभागीय आयुक्तांनी केली. आता सांगा, एकादशीचा उपास आचारसंहितेत मोडतो का? तुळशीला पाणी घालायला निवडणूक आयोगाची परवानगी लागते का? नाही लागत. मग ही पूजाच का थांबली? कारण तिच्यात राजकारणाचा लाभ आहे, हे करणाऱ्यांना आणि नियम लावणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक आहे. फक्त आपल्याला सांगतात, माउली, इथे राजकारण नको.

आता त्या पूजेत मागतात काय ते पाहा. दरवर्षी पूजा झाली की मुख्यमंत्री बाहेर येऊन सांगतात, विठुरायाला साकडे घातले. चांगला पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे. माणसे बदलली, पक्ष बदलले, हे साकडे बदलले नाही.

पाऊस विठोबाकडे मागितला, हे मी समजू शकतो. पाऊस पाडणे सरकारच्या हातात नाही. पण बळीराजाचे सुख? ते विठोबाच्या खात्यात कधीपासून गेले? कापसाचा हमीभाव विठोबा ठरवत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला, तो दिल्लीत ठरला. हायब्रीड ज्वारीचा ३,६९९ ठरला, तोही तिथेच. खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडायचे की नंतर, ते रुक्मिणीमाता ठरवत नाही. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, बारा टक्क्यांच्या वर कापूस परत, हा नियम गाभाऱ्यात झालेला नाही. 'कपास किसान' ॲपवर नोंदणी नसेल तर सीसीआयच्या काट्यावर गाडी लागत नाही, हेही पुंडलिकाने सांगितलेले नाही.

२०२५ चेच साल घ्या. ६ जुलैला आषाढी झाली, साकडे घातले गेले. त्यानंतर सहा आठवडे उलटतात न उलटतात तो, १९ ऑगस्टला कापसावरचा ११ टक्के आयातकर केंद्र सरकारने उठवला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर लावला, गिरण्यांना दिलासा द्यायचा होता, असे कारण. गिरणीचे संकट खरे असेल. पण त्याची किंमत पऱ्हाटीने का द्यायची, हे कुणी सांगितले नाही. खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली राहिले. कुणी म्हणेल, पूजा राज्याने केली आणि कर केंद्राने उठवला, दोन्ही वेगळे. बरोबर आहे. मग राज्याने साकडे पंढरपूरला न घालता दिल्लीला घालायला हवे होते.

आणि पाऊस? पाऊस मात्र आला. सप्टेंबरात मराठवाड्यात असा आला, की रानातली मातीसुद्धा राहिली नाही. जे विठोबाच्या हातात होते त्यात हात राखला गेला नाही, आणि जे मुंबई-दिल्लीच्या हातात होते ते सोडून दिले गेले.

हे आजचे नाही. राजा गादीवर बसला की देवस्थानाला इनाम द्यायचा, मशिदीला द्यायचा, मठाला द्यायचा. आपल्या भागात निजामाची राजवट होती, इथल्या जुन्या माणसांना देवस्थानाच्या आणि दर्ग्याच्या इनाम जमिनी माहीत आहेत. कसणारा कुळवाडी मात्र कोरडाच राहायचा. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. त्यांनी दाखवले, की कुणब्याच्या जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला भट हात पुढे करतो, आणि सरकारी कचेरीत गेले तर तिथे कामगार हात पुढे करतो. त्या काळी हे दोन हात निदान वेगवेगळ्या ठिकाणी तरी होते.

मग सरकारने देवळाकडे पाहूच नये का? इथे मी जरा थांबतो, कारण हे एवढे सोपे नाही.

पंढरपूरचे मंदिर महारामांगांना बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आतल्या देवाला बाहेरूनच हात जोडायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथे दहा दिवस उपोषण केले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले होते, गावोगाव लोकांना विचारत. तेव्हा दार उघडले. त्याच साली मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. आत बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क होता. गरीब वारकऱ्याला देवाच्या पायापर्यंत जाताना काय काय सोसावे लागे, ते माझ्या आईने मला सांगितलेले आहे. सरकारने न्यायमूर्ती नाडकर्णींचा आयोग नेमला, १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला. बडव्यांनी कोर्टात खेचले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क शेवटचा निकाली काढला. एकेचाळीस वर्षे! त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांचे अर्ज मागवले. हे काम सरकारच्या कायद्यावाचून झाले नसते. दार सर्वांना उघडे आहे का, पेटीतल्या पैशाचा हिशेब लागतो का, हे पाहणे सरकारचे कामच आहे, घटनाही त्याला परवानगी देते. मी त्याच्या विरोधात नाही.

पण बडवे गेले आणि त्यांच्या जागी कोण आले? शिर्डीचे पाहा. साईबाबा संस्थानासाठी २००४ साली खास कायदा झाला, विश्वस्त सरकार नेमते. त्या नेमणुका कशा होतात? महामंडळावर ज्यांची सोय लागली नाही त्यांची देवावर लावायची. औरंगाबाद खंडपीठाला २०२२ साली सरकारने नेमलेले विश्वस्त मंडळ बरखास्त करावे लागले. याच संस्थानाने २०१८ साली निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी सरकारला ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायचे ठरवले होते. कालव्याला पैसा मिळाला तर मला आनंदच आहे, पाण्यासाठी दिलेल्या पैशाला मी नाके मुरडणार नाही. पण पाटबंधाऱ्याचा पैसा अर्थसंकल्पात असायला हवा. तो फकिराच्या झोळीत हात घालून काढावा लागतो, यात सरकारला काही वाटत नाही? आणि उद्या ज्या तालुक्यात श्रीमंत देव नाही त्या तालुक्याने कालव्यासाठी काय करायचे?

उलट शेगाव. तिथले संस्थान सरकारने नेमलेल्या मंडळाच्या हातात नाही, नोंदलेला सार्वजनिक न्यास आहे, आणि तिथल्या स्वच्छतेची व कारभाराची साक्ष तुम्ही इथे बसलेले निम्मे लोक द्याल. तेव्हा सरकार शिरले म्हणजे कारभार सुधारतो आणि नसले म्हणजे बिघडतो, असा काही नियम नाही.

निवडणुकीबद्दल दोन शब्द. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२३ वे कलम आहे. धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार आहे, निवडणूक रद्द होते, असे ते सांगते. त्याची मोठी परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली. १९८७ साली विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ठाकरे यांचा मताचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या खटल्यात न्यायालयाने असे ठरवले, की महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल असे म्हणणे हे कितीही वाईट असले, तरी तेवढ्यावरून धर्माच्या नावाने मत मागितले असे होत नाही. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. २०१७ च्या जानेवारीत, सांताक्रूझच्या १९९० सालच्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात, सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला, की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. वाद १९९० चा, निकाल २०१७ चा. एवढ्या वेळात सत्तावीस हंगाम गेले.

कायदा चांगला आहे. पण कायदा भाषण पकडतो, मांडव पकडत नाही. निवडणुकीच्या दीड वर्ष आधी दिलेली सप्ताहाची देणगी, देवळाच्या शिखराला दिलेला सोन्याचा मुलामा, गावजत्रेला पाठवलेला टँकर, ईदला पाठवलेले डबे, यांना कोणते कलम लावाल? तिथे कोर्ट पुरे पडणार नाही. तिथे आपणच लागतो.

आणि हे सारे वारकऱ्यांच्या नावाने चालते म्हणून तुकोबांची आठवण करून देतो. तुकोबा कुणबी. घरात महाजनकी, वाणीव्यवसाय, सावकारी होती. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, घरची माणसे अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. त्यानंतर ते देवाकडे वळले हे सर्वांना माहीत आहे. पण वळताना त्यांनी पहिले काम काय केले? देणेकऱ्यांची खते बाहेर काढली. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. गाथा बुडवल्याची गोष्ट कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकली असेल. खते बुडवल्याची किती वेळा ऐकली? परंपरा असेही सांगते, की शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला. राजा चांगला होता, हे माहीत असूनही परत केला.

आज सगळे उलटे आहे. महाराज नजराणा परत करत नाहीत, आणि राजा खते बुडवत नाही. २०१७ साली कर्जमाफी आली तिला छत्रपतींचे नाव, २०१९ साली आली तिला महात्मा फुल्यांचे नाव. नावे मोठी होती. अर्ज, आधार, अंगठा, याद्या, यातून आपले नाव किती जणांचे निघाले आणि किती जणांचे राहिले, ते या बैठकीत हात वर करून मोजता येईल. आता मोजत नाही.

मग करायचे काय? वारी बंद करायची नाही. सप्ताह मोडायचा नाही. ज्याला टिळा लावायचा त्याने लावावा, ज्याला नमाज पढायचा त्याने पढावा, कापूस काट्यावर गेला की कुणाचा कोणता ते कळत नाही. मी दोनच गोष्टी सुचवतो, आणि त्यावर तुम्ही बोला.

एक. गावच्या सप्ताहाची वर्गणी गावातच गोळा व्हावी. पायलीभर ज्वारी, कुणाची दोन पायली, कुणाचे पन्नास रुपये. पूर्वी असेच चालत होते. मांडव लहान होईल, होऊ द्या. पुढाऱ्याला यायचे असेल तर त्याने यावे, खाली सतरंजीवर बसावे. त्याच्या हातून नारळ फुटणार नाही आणि महाराज त्याचे नाव घेणार नाहीत, एवढे सप्ताह कमिटीने आधीच सांगावे. आणि जो मांडवात येतो त्याला मांडवाच्या दारात पावती दाखवता आली पाहिजे.

दोन. आपल्या जिल्ह्यातले शेकडो लोक आषाढीच्या रांगेत असतात. उद्या त्यातल्या कुणाला मान मिळाला, तर त्याने जरूर जावे, देवाचे दर्शन सोडू नये. फक्त धोतराच्या सोग्याला एक चिठ्ठी बांधून ठेवावी. तिच्यावर तीन ओळी पुरेत. खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार. पैसे किती दिवसांत खात्यात येणार. आयातीबद्दल राज्य सरकार दिल्लीला काय लिहिणार. सत्काराचा नारळ घ्यायला एक हात, चिठ्ठी द्यायला दुसरा.

हे मी आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, "चिठ्ठी मी देईन. पण मुख्यमंत्री ती विठोबाच्या पायावर ठेवतील आणि हात जोडतील, मग काय करशील?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. तुम्हाला सुचले तर जेवताना सांगा.

जेवणानंतर लगेच खरेदी केंद्रांचा विषय घेतला आहे. ज्यांचे कापसाचे पैसे थकले आहेत त्यांनी काटापावत्या घेऊन पुढच्या रांगेत बसावे, यादी इथेच करायची आहे.